आकाराम बंडगरची बॅटरीगाडी

हल्ली पेपरात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचं कौतुक वाचलं की माझं डोकं फिरतं. शहरात फिरायला चिमुकली गाडी, धूर नाही, आवाज नाही, घरच्या प्लगवर चार्ज करायची आणि निघायचं. लिहिणारे असं लिहितात जणू हे सगळं काल-परवा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. अहो, आमच्या माधवनगर रस्त्यावर सत्त्याण्णव साली अशी गाडी पळत होती. ती कुठल्या कारखान्यातून आली नव्हती. माझ्या शेजारच्या दुकानात, माझेच पाने वापरून, मला न विचारता तयार झाली होती.

माझं सायकलचं दुकान. शेजारी आकाराम बंडगरचं मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीवरच्या मोटारी जळाल्या की लोक त्याच्याकडे आणायचे आणि तो त्यात नवी तांब्याची तार भरून द्यायचा. आमच्या दोघांत एक भिंत होती. तिला त्यानं एक दिवस वायर ओढायला भोक पाडलं. सकाळी मी दुकान उघडतो तर भिंतीतून छिन्नीचं टोक बाहेर आलेलं. मी तणतणत भांडायला गेलो, तर हा शांतपणे म्हणाला की बरं झालं नाना, आता हाका मारायला सोपं. अशा माणसाशी काय भांडणार? तेव्हापासून आमची मैत्री.

आकाराम मूळचा आरेवाडीच्या पलीकडचा, दुष्काळी पट्ट्यातला. पिढीजात मेंढरं राखणारं घर. बहात्तरच्या दुष्काळात निम्मा कळप गेला आणि घरात दोघे भाऊ. धाकटा बिरदेव उरलेल्या मेंढरांमागे राहिला, थोरला आकाराम पोटासाठी सांगलीत आला. एका रिवाइंडिंगवाल्याकडे झाडलोट करायला लागला आणि थोड्याच दिवसांत तार भरायला बसला. मी एकदा विचारलं, इतक्या लवकर हात कसा बसला रे? तो म्हणाला की लहानपणी मेंढरांमागं चालता चालता टकळीवर लोकर कातायची सवय, बोटांना न बघता गुंडाळायची अक्कल तेव्हाच आली. लोकरीच्या जागी तांबं आलं, एवढाच फरक.

त्याची बायको बनाबाई. दोघांना एकच लेक, राणी. ती लहान असताना ताप आला आणि दोन्ही पायांतली ताकद गेली. एका पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घालून, कुबड्या घेऊन घरातल्या घरात, फार तर दारापर्यंत चालायची. शाळेत मात्र आकाराम तिला पाठीवर घेऊन न्यायचा. अशक्त कोकरू कळपाबरोबर चालेना, तर मेंढपाळ ते खांद्यावर टाकतो आणि वाट धरतो, त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. आकारामलाही वाटत नव्हतं. पहिली ते दहावी तो लेकीला असाच घेऊन गेला आणि आला.

विशेष वाटायचं ते रस्त्याला. बाप-लेक दिसले की बायका थांबायच्या, चुकचुकायच्या. एकदा गणपतीच्या देवळाबाहेर कुणा बाईनं राणीच्या मांडीवर केळं ठेवलं आणि हात जोडले. राणीनं केळं परत दिलं आणि म्हणाली, काकू, माझं जेवण झालंय. बारा-तेरा वर्षांची असेल. पोरीची जीभ अशी तिखट. ती का तिखट झाली ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी आपला हसलो होतो.

दहावीनंतर राणीनं खटपट केली आणि अपंगांच्या कोट्यातून तिला एसटीडीचा बूथ मिळाला. त्या काळात एसटीडीचा बूथ म्हणजे चालतं दुकान, लोक रांगा लावून फोन करायचे. जागा मिळाली सांगलीत एसटी स्टँडजवळ, बाळासो नावाच्या माणसाच्या इमारतीत. घर माधवनगरात, बूथ स्टँडला. मधला रस्ता काही फार लांबचा नाही, तुम्ही-आम्ही गप्पा मारत सायकलवर जाऊ. राणीसाठी तोच सगळा प्रश्न होता.

अपंगांच्या नावावरचे कितीतरी बूथ तेव्हा भाऊ नाहीतर मेव्हणा चालवायचा. ज्याच्या नावावर बूथ तो घरात बसून असायचा. राणीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की बूथ माझा, तर बसणारही मीच. आकाराम तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून नेऊ लागला. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं, मधल्या वेळेत मोटारी भरायच्या. पावसाळ्यात एक दिवस सायकल घसरली. दोघं चरीत पडले. आकारामला खरचटलं आणि राणीचं मनगट मोडलं. मग बनाबाईनं पदर खोचला. बाई एरवी मोठ्यानं बोलत नसे, पण त्या दिवशी तिनं सायकलची चावी कनवटीला लावली आणि पोरगी परत ह्याच्यावर बसणार नाही म्हणून सांगितलं. एका संस्थेनं हातानं फिरवायची तीनचाकी दिली होती, तीही राणीनं करून पाहिली. स्टँडपर्यंत पोचायची, पण खांदे असे भरून यायचे की दिवसभर रिसीव्हर उचलवत नसे.

बाळासोनं मग तोडगा काढला. बोलायला गोड माणूस. तो म्हणाला की नाव राणीचंच राहू द्या, माझा पुतण्या बूथ सांभाळेल, महिन्याच्या महिन्याला तुमचा वाटा घरपोच येईल, पोरीला कशाला ताप? आकारामला ते पटत चाललं होतं. चरीतली पोरगी त्याच्या डोळ्यापुढून हलत नव्हती. तेव्हा राणीनं बापाकडे एकच मुदत मागितली. पुढच्या दिवाळीपर्यंत पुतण्याला बसू द्या. तोवर मला माझी माझी जायची सोय झाली तर बूथ माझा, नाहीतर मी घरात बसेन आणि परत नाव काढणार नाही. आकारामनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून माझे पाने गायब व्हायला लागले.

एका बंद पडलेल्या गिरणीचं भंगार निघालं होतं. त्यात माल ओढायच्या बॅटरीवरच्या ढकलगाडीची मोटार होती, ती आकारामनं उचलून आणली. गंजलेली, आत उंदरानं घर केलेलं. मी म्हटलं, हे उंदरासकट भरणार का? त्यानं ती उघडली, धुतली, नवी तार भरली, वार्निश दिलं आणि दोन बॅटऱ्या जोडल्या. मोटार फिरली ती अशी गुपचूप की मला आधी वाटलं बंदच आहे. ट्रकच्या स्टार्टरसारखी खरखर नाही, पंपासारखी घुंईघुंई नाही. आकाराम तिच्यापुढे उकिडवा बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. 

पहिली गाडी तीनचाकी केली. राणीच्या वजनाएवढं ज्वारीचं पोतं सीटवर बांधून त्यानं ती दोरीनं वळवली, तर पहिल्याच वळणाला गाडी कलंडली आणि ज्वारी रस्त्यावर. आम्ही दोघं सुपानं ज्वारी भरत बसलो. कोंबड्यांची चंगळ झाली. मग चार चाकं आली, ती माझ्याकडची, जुन्या मोपेडची. ती मात्र मी त्यानं विचारायच्या आत दिली, उगाच खोटं कशाला सांगू.

आकारामची एकेक युक्ती बघा. दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडल्या की गाडी हळू चालायची, एकीमागं एक साखळीसारख्या जोडल्या की जोरात. ह्यासाठी त्यानं पंपाच्या स्टार्टरचा खटका बसवला. वर खटका तर जोरात, खाली तर हळू, मध्ये बंद. पायानं करायचं काहीच नाही. हँडल स्कूटरचं, ब्रेक हाताशी. सीटची उंची त्यानं कुठल्या पुस्तकात बघून ठरवली नाही. बनाबाई टेप घेऊन घराच्या ओट्याला मापून आली, कारण राणीला ओट्यावरून सरकून थेट सीटवर बसता आलं पाहिजे. कुणी उचलायला नको. बूथच्या दारातही त्यानं तेवढ्याच उंचीचं एक लाकडी बाकडं ठोकून ठेवलं. बाळासोच्या पुतण्यानं ते बाकडं बघून नाक मुरडलं म्हणे.

गाडीला अंग केलं मलकापूरच्या धोंडीबानं. कराडजवळच्या मलकापुरात त्याचं फायबरचं काम होतं, बागेतल्या घसरगुंड्या आणि बाकडी बनवायचा. घसरगुंडीच्या मापाचं उरलेलं आभाळी रंगाचं फायबर त्यानं गाडीला वळवून दिलं. दोघंही मितभाषी. मी सोबत गेलो होतो, तर सबंध दिवसात दोघांनी मिळून जेवढे शब्द काढले त्यापेक्षा जास्त मी एकट्यानं चहा पिताना काढले. परतीच्या टेम्पोत गाडी ठेवली तर वाटेत पोरं तिला घसरगुंडीच समजली.

गाडी बघून एक साताऱ्याचे व्यापारी दुकानात आले. आईला राजवाड्यावर देवाला जायला अशीच एक करून द्या, म्हणाले. मी आकारामला डोळ्यानं खुणावत होतो की हो म्हण. त्यानं सरळ नाही सांगितलं. साताऱ्याचे चढ ह्या मोटारीला झेपणार नाहीत, मधेच म्हातारी अडकायची, तुमी कोरेगावच्या सपाटीवर राहत असता तर दिली असती. व्यापारी गेल्यावर मी त्याच्यावर चिडलो. तो म्हणाला, जिथं आपण ढकलायला नसणार तिथं गाडी देऊ नये. मला ते तेव्हा शहाणपण वाटलं. त्यातच त्याची चूक लपली होती, हे मला नंतर कळलं.

गाडी श्रावणात रस्त्यावर आली. राणी दोन दिवसांत चालवायला शिकली आणि मुदत संपेपर्यंत म्हणून बूथवर सकाळची तीच बसू लागली, दुपारनंतर पुतण्या. ओट्यावरून सरकायची, कुबड्या मागे अडकवायची, खटका खाली करायची आणि गाडी मांजरीच्या पावलानं अंगणातून बाहेर. तिचा चेहरा बघून बनाबाई घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं आता झालं, दिवाळीची वाट कशाला बघायची.

पण गाडीच्या मागे आकाराम होता. सायकलवर. बनाबाईनं चावी दिली नाही तर त्यानं माझ्या दुकानातली सायकल घेतली. सकाळी राणी निघाली की हा मागून घंटी वाजवत, हात हलवत, ट्रकवाल्यांना ओरडत. "आरं सरका की, पोरगी हाय म्होरं." मेंढरं रस्त्यानं न्यायची तर एक माणूस मागं लागतोच, चुकलं-माकलं तर काठीनं वळवायला. आकारामच्या हाडात ते मुरलं होतं. पाठीवरची पोरगी त्यानं गाडीत बसवली, पण मागं चालायचं सोडलं नाही. गाडीचा वेगही त्यानं असाच ठेवला होता, खटका वर केला तरी सायकलवाला मागे पडू नये.

त्यामुळे व्हायचं काय, गाडी पुढे आणि वरात मागे. बसमधली माणसं खिडकीतून डोकं काढायची. चौकातला हवालदार सगळी वाहनं थांबवून राणीला वाट द्यायचा आणि वर सलाम ठोकायचा. पेरूवाल्या बायका पुन्हा चुकचुकायला लागल्या.  राणी बूथवर पोचली की बाकड्यावरून सरकून आत जायची आणि दार लावून घ्यायची. ह्याचं मला बरं वाटत नव्हतं. आकारामला मी तसं सुचवलं, तर तो म्हणाला की मागनं कुणी नसलं आणि गाडी बंद पडली म्हंजे?  बनाबाईचंही तेच म्हणणं होतं, आणि वर मुदतीची अट तर होतीच. एकटीनं, वाटेत कुणाची मदत न घेता, जाऊन-येऊन दाखवल्याशिवाय बूथ कायमचा तिच्याकडे देणार नव्हते. आणि मागे बाप असेपर्यंत ती एकटी जाणार कशी? दसरा तोंडावर आला तरी हे कोडं सुटेना.

दसऱ्याला बिरदेव मेंढरं सोडून भावाकडे आला. दुकानातल्या हत्यारांची पूजा झाली, माझ्या सायकलींना झेंडूच्या माळा पडल्या. मग सगळे गाडीकडे वळले. बिरदेवानं खांद्यावरची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा त्यानं खास आणला होता, पिवळाधमक, मऊसूत. धनगराच्या घरात नवी वस्तू आली की तिच्यावर भंडारा उधळायचाच, आणि उधळताना हात आखडायचा नसतो. बिरदेवानं ओंजळी भरभरून उधळल्या. "बिरोबाच्या नावानं चांगभलं" झालं, गाडी आभाळी होती ती पिवळी झाली, आम्ही सगळे पिवळे झालो. मी नाक पुसत हसत होतो. गाडीच्या पोटात मोटारीला वारा लागावा म्हणून आकारामनं भोकं ठेवली होती, ती त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आली नाहीत. आकारामच्याही नाही. देवाचं नाव घेताना कोण भोकं मोजतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज कॉर्नरला गाडी उभी राहिली. ऐन गर्दीत, चौकाच्या मधोमध. राणीनं खटका वर केला, खाली केला, काही नाही. मीही त्या दिवशी सामान आणायला म्हणून मागोमाग निघालो होतो, त्यामुळे सगळं डोळ्यानं पाहिलं. माणसं गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घालायला लागलं, एक म्हातारा पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागला. आकारामनं सायकल टाकली, गर्दीत घुसला आणि गाडीपुढे पाठ करून खाली बसला. शाळेच्या दिवसांत बसायचा तसा, हात मागे करून.

राणी जागची हलली नाही. ती फार हळू बोलली, पण मला ऐकू गेलं. "आबा, मला उचलू नगा. गाडी ढकला."

आकाराम तसाच बसून राहिला. त्यानं मागे वळून बघितलं, तर राणी हँडल धरून समोर बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसायला हँडल सोडलं नाही. मी पुढे झालो. आकारामच्या दंडाला धरून उठवलं आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलत दुकानापर्यंत परत आणली. हँडल राणीनंच सांभाळलं. वळणाला हात दाखवला, खड्डे चुकवले. मला आजही वाटतं, त्या दिवशी गाडी तीच चालवत होती.

दुकानात मोटार उघडली. आत सगळं पिवळंजर्द. भंडारा वंगणात कालवून, फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ब्रशांवर असा बसला होता की ते जागचे हलेनात. बिरदेव अजून मुक्कामाला होता, त्याचा चेहरा पडला. मी त्याला चार शब्द सुनवायला घेतले. मला राग आला होता, का लपवू? दिवाळी जवळ आली होती आणि बाळासो हे ऐकून दुसऱ्याच दिवशी हजर होणार होता. आकारामनं मला हातानं थांबवलं. ब्रश काढत काढत तो भावाला म्हणाला की देवाची यात काही चूक नाही आणि तुझीबी न्हाई, भोकं माझी हायत. मग तो हसला. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांना, मोटारीत भुसा का जाऊ दिला म्हणून तोच ओरडत आला होता. बिरदेवानं खांद्यावरची घोंगडी काढून पुढे केली. आकारामनं तिचा कोपरा कापून भोकांवर ताणून शिवला. वारा आत जाईल आणि धूळ बाहेर राहील. मोटारीला घोंगडं पांघरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि खरंच सांगतो, पुढे कधी तिला धुळीचा त्रास झाला नाही.

मोटार फिरली. गाडी घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. आकारामनं राणीला हाक मारली की चल, चक्कर मारून येऊ, मी सायकल काढतो. राणी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली की आबा, तुम्ही मागे येणार असाल तर मी गाडीत बसत नाही, बूथ बाळासोच्या पुतण्याला देऊन टाका. आकारामनं समजावलं. रस्ता कसा आहे, ट्रक कसे येतात, आज बघितलंस ना काय झालं. मग त्याचा नेहमीचा शब्द निघाला, कळपामागं माणूस लागतोच.

"आबा, मी मेंढरू न्हाई," राणी म्हणाली. "लोक तुमास्नी बघून मला बघत्यात. मला वाटंनं बघितलेलं नगं हाय. आजपतुर लय बघितलं."

आकाराम बनाबाईकडे बघायला लागला. बनाबाई भाकरी थापत होती. तिनं थापायचं थांबवलं, पिठानं भरलेले हात तसेच धरून नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ द्या तिला." एवढंच. सायकलची चावी कनवटीला लावणारी तीच आणि सोडणारीही तीच.

पुढचे दोन दिवस आकारामनं गाडीत काहीतरी केलं. मी विचारलं तर सांगेना. नंतर कळलं, त्यानं मोटारीच्या बाजूचा दात्यांचा गिअर बदलला होता. आता खटका वर केला की सायकलवाला मागे पडणार होता. माझ्या मते त्याच्या सबंध आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम. जळलेली मोटार कुणीही भरेल. आपणच आपल्याला मागं पाडायची सोय करणं कुणाला जमतं?

दिवाळीच्या आठवडाभर आधी राणी एकटी निघाली. आकाराम दाराशी उभा होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसा तो माझ्या दुकानात आला, कारण स्वतःच्या दुकानात बसवेना म्हणाला. मी त्याला एक चाक दिलं, त्याच्या आऱ्या आवळ म्हणून. त्यानं ते इतकं आवळलं की चाक अंड्यासारखं झालं.  त्याचं ध्यान रस्त्याकडे होतं. एखादा ट्रक गेला की मान वर करायचा. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला तेव्हा उठून उभाच राहिला. मी त्याला धरून बसवलं. 

मग माझ्या दुकानातला फोन वाजला. मीच उचलला. राणी होती, बूथवरून. पोचले म्हणाली. आवाज चढलेला होता, मला वाटलं रडतीये. मी विचारलं काय झालं गं, तर ती म्हणाली की नाना, आबांना सांगा, मला रिक्षावाल्यानं शिवी दिली.

 मी म्हटलं कुठे, कोण होता, नंबर बघितलास का? पण ती हसत होती. कॉलेज कॉर्नरला मी मधे आले तर रिक्षावाला ओरडला, "ए, आंधळी हायस का, बाजूला घे की तुझा खटारा." हवालदारानंही आज सलाम ठोकला नाही, हात करून इतरांसारखं मलाही थांबवलं. कुणी बघितलं नाही नाना, सगळे आपापल्या घाईत होते. मी विचारलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, "मी म्हणलं, खटारा तुझाच, मागनं धूर बघ किती सोडतोय."

मी आकारामकडे वळलो आणि जसंच्या तसं सांगितलं.  मग त्यानं विचारलं की तो नक्की तिलाच ओरडला का? पोरगी बिचारी म्हणून नाही, पायानं अधू म्हणून नाही? मी म्हटलं नाही रे गड्या, गाडी मधे आली म्हणून ओरडला. मलाही असेच ओरडतात.

आकारामनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मग उठला, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर आवाज चढवला. "राणे, गाडी चालवताना कुणासंगं भांडायचं न्हाई. ध्यान रस्त्यावर ठिवायचं."